तुम्ही विचारलंत म्हणून: ती फाशीची गाणी

"तुला हे खुनाबिनाचं वाचवतं तरी कसं?" दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, वर नाक मुरडून. एकदाच लिहितो, परत विचारू नका.

मी वाचतो ते म्हणजे एकोणिसाव्या शतकात, व्हिक्टोरिया राणीच्या काळात, लंडनच्या सेव्हन डायल्स भागात छापलेले एकपानी कागद, पेनीला एक. वर लाकडी ठोकळ्याचं चित्र (एकच ठोकळा कितीतरी खुन्यांना चालवून घ्यायचे), खाली खुन्याने स्वतःच म्हटल्यासारखं पश्चात्तापाचं गाणं. खुनी अजून कोठडीत जिवंत आणि त्याचे शेवटचे शब्द इकडे छापून तयार, लिहिणाऱ्याला एक शिलिंग. लबाडीच, मान्य. पण 1855 पर्यंत तिकडे पेपरवर स्टँपचा कर होता, गरिबाने बातमी घ्यायची कुठून? 1849 मध्ये मॅनिंग नवरा-बायकोला खुनासाठी फाशी झाली, त्यांच्यावरचे 25 लाख कागद खपले असा त्या काळचा पत्रकार हेन्री मेह्यूचा आकडा आहे. एवढे सगळे विकृत होते का? हे माझं ठरलेलं भाषण, वर्षानुवर्षं तेच ठोकत आलो.

मग काकूंकडचं ते जेवण. मी रंगात आलेलो, मारिया मार्टेनची गोष्ट सांगत होतो. (ती 1827 ची, व्हिक्टोरिया राणी व्हायच्या आधीची, माहितीये, पण पुढे राणीच्या काळातही लोकांनी ती सोडली नाही.) लग्न करतो म्हणून विल्यम कॉर्डरने तिला लाल कोठारात बोलावलं, मारून तिथेच पुरलं, जवळजवळ वर्षभर घरच्यांना ती मजेत आहे असं कळवत राहिला, मग सावत्र आईला म्हणे स्वप्न पडलं आणि बापाने जाऊन कोठारातली जमीन उकरली. मी हातवारे करून, कॉर्डरचा आवाज काढून सांगतोय, पोरं हसतायत, आणि काकू तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाल्या, "काय रे, त्या गाण्याचे पैसे आले त्यातला एक तरी तिच्या बापाला मिळाला का?"

मी म्हटलं, नाही.

काकूंची भाची लग्नानंतर दीड वर्षात जळून गेली, पेपरात 'स्टोव्हचा भडका' म्हणून चार ओळी. हे मला माहीत होतं. माहीत असून मी आवाज काढत होतो. त्यांनी भाकरी माझ्याच ताटात टाकली, पापुद्रा फुटून वाफ आली, आणि मी ती खाल्ली, दुसरं काय करणार.

त्यानंतर दोन महिने एकही कागद उघडला नाही. मग उघडला. आता भाषण देत नाही एवढंच. स्टँपच्या कराचं मी सांगायचो ते खोटं नव्हतं, पण ते मी काकूंना सांगू शकलो नसतो, आणि जे काकूंना सांगता येत नाही ते तुम्हाला तरी कशाला ऐकवत होतो?

परवा काकूंनीच दारात थांबवून विचारलं, "ते गाणं कुठल्या चालीवर म्हणायचे रे?" म्हटलं, कागदावर बहुतेक वेळा चाल दिलेली नसते काकू, लोकांना जी येत असेल तिच्यावर.

"बरं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.