'जुळत नाही'चा ट्रे

नोव्हेंबर २००४ च्या पहिल्या आठवड्यात मी टपालाने आलेल्या मतपत्रिकेचा एक लिफाफा डावीकडच्या ट्रेमध्ये ठेवला. सही जुळत नसलेल्या लिफाफ्यांसाठी तो ट्रे होता. काम पाच सेकंदांचे, आणि त्या दिवशी माझ्या हातांखालून असे शेकडो लिफाफे गेले असतील. पण वीस वर्षांनंतर मला आठवतो तो तेवढा एकच.

सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना निवडणुकीची ड्यूटी मला कधी चुकली नव्हती. बोटाला शाई लावण्यापासून मोजणीच्या टेबलापर्यंत सगळे केले होते. शिक्क्याची शाई ओली असतानाच मतपत्रिकेची घडी पडली, की दुसऱ्या उमेदवारासमोरही ठसा उमटतो. खरा शिक्का कोणता आणि नुसती छाप कोणती, हे शिक्क्यातल्या फुलीच्या टोकांवरून ओळखावे लागे, कारण छापेत टोकांचे वळण उलटे पडते. या विद्येचा मला अभिमान होता. मुलाच्या मागोमाग अमेरिकेत आल्यावर तिचा उपयोग संपला. पुढे नागरिकत्व मिळाले आणि वॉशिंग्टन राज्यातल्या एका काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, निवडणूक कार्यालयात हंगामी कारकून म्हणून मी लागले. काउंटीचे नाव मुद्दाम देत नाही. हे वॉशिंग्टन म्हणजे राजधानी नव्हे, तर पश्चिम किनाऱ्यावरचे, सिअ‍ॅटलचे राज्य. तिथला गव्हर्नर हाही आपला राज्यपाल नव्हे. तो थेट लोकांनी निवडून दिलेला असतो आणि राज्याचा कारभार तोच चालवतो. साताऱ्याहून फोन आला, की हे मला दर वेळी नव्याने सांगावे लागे.

त्या राज्यात तेव्हाही निम्म्याहून अधिक मते टपालाने येत. मतपत्रिका आतल्या कोऱ्या लिफाफ्यात, तो बाहेरच्या लिफाफ्यात आणि बाहेरच्या लिफाफ्यावर मतदाराची सही. माझे काम त्या सहीचे. लिफाफ्यावरच्या बारकोडवर यंत्र धरले, की नोंदणीच्या वेळी घेतलेली सही पडद्यावर येई आणि मी दोन्ही शेजारी ठेवून बघत असे. सही हुबेहूब जुळली तर तीच संशयास्पद, कारण आपली सही आपण दोनदा सारखी करत नाही. बघायचे ते अक्षरांचा कल, उंच आणि बुटक्या अक्षरांचे प्रमाण, पेन कुठे उचलले आणि शेवटच्या अक्षराची शेपटी कुठे गेली. नवरा-बायकोचे लिफाफे सर्रास अदलाबदल होतात. दूर कॉलेजात असलेल्या मुलीची सही आई करते आणि त्यात गुन्हा आहे हे तिच्या गावीही नसते. काहीजण सही करायचीच विसरतात. सुशिक्षित माणसे सूचना वाचत नाहीत, हा अनुभव मला साताऱ्यातही आला होता. तिथे निदान अंगठा उठवणारे तरी सगळे नीट विचारून घेत.

तो लिफाफा एका वृद्ध गृहस्थांचा होता. पडद्यावरची सही ठसठशीत होती, लिफाफ्यावरची कापरी, तुटक आणि खाली घसरत गेलेली. म्हाताऱ्या हाताची सही थरथरते, पण अक्षरांचे आपसातले प्रमाण सहसा टिकून राहते. इथे तेही टिकले नव्हते. पक्षाघात झाला असावा असे माझ्या मनात आले. मागच्या खोलीत लोखंडी कपाटांत नोंदणीची जुनी कागदी कार्डे होती. अशा वेळी उठून ती पाहायची असा संकेत होता, नियम आहे असे मात्र कोणी सांगितले नव्हते. पुढे लिफाफ्यांचे दोन डबे पडले होते. मी उठले नाही.

पद्धतीप्रमाणे त्यांना पत्र गेले, की तुमची सही जुळत नाही, नवी सही करून सोबतचा अर्ज परत पाठवा. काउंटीचा निकाल प्रमाणित होईपर्यंत, म्हणजे १७ नोव्हेंबरच्या आत, तो आला नाही. त्यांचा लिफाफा इतरांबरोबर अशा मतांवर अंतिम निर्णय देणाऱ्या तीन सदस्यांच्या कॅनव्हासिंग बोर्डापुढे गेला, नाकारला गेला आणि न उघडता पेटीत बंद झाला. तोवर यात विशेष असे काहीच नव्हते.

त्याच १७ तारखेला गव्हर्नरपदाच्या निवडणुकीची राज्यभरची बेरीज पुढे आली. २८ लाखांवर मतांमध्ये रिपब्लिकन डिनो रॉसी हे डेमोक्रॅट ख्रिस्टीन ग्रेग्वार यांच्यापुढे अवघ्या २६१ मतांनी होते. फरक एवढा कमी असला, की तेव्हाच्या कायद्याने यंत्रावर फेरमोजणी आपोआप होई; तीत आघाडी ४२ वर आली. आता हाताने मोजणी हवी असेल, तर मागणाऱ्याने दर मतपत्रिकेमागे २५ सेंट अनामत भरायची आणि निकाल फिरला तरच ती परत मिळायची. डेमोक्रॅटिक पक्षाने सुमारे ७ लाख ३० हजार डॉलर भरले.

डिसेंबरमध्ये आम्ही हाताने मोजायला बसलो. टेबलावर निळे किंवा काळे पेन आणायला सक्त मनाई होती, कारण मतदार त्याच रंगाने नावासमोरचा गोल भरतात आणि एखादा ठिपका चुकून पडला तरी ते मत होऊ शकते. आम्हाला लाल पेने दिली होती. ग्रेग्वार, रॉसी, तिसऱ्या उमेदवार रूथ बेनेट, हाताने लिहिलेली नावे, कोऱ्या आणि दोन गोल भरलेल्या असे ढीग लावायचे. मग दोघांनी स्वतंत्रपणे मोजून आकडे कागदावर लिहायचे आणि नंतरच एकमेकांना दाखवायचे. यंत्राला जे दिसत नाही ते इथे डोळ्यांना दिसते: गोल न भरता त्याला नुसता वेढा घातलेला, नावाखाली रेघ ओढलेली, एक गोल भरून त्यावर काट मारून दुसरा भरलेला. मतदाराच्या मनात काय होते हे शोधायचे काम मला मनापासून आवडले. पक्षांचे निरीक्षक मात्र आमच्या मानेवर श्वास सोडत उभे असत. गावातले निरीक्षक समजूतदार होते. बाहेरून आलेल्या वकिलांना मतपत्रिका कशी दिसते हे मोजणी सुरू झाल्यावर कळले आणि हरकती घेण्यात तेच सर्वांत पुढे होते. आमच्या टेबलावर एका प्रभागात दोन मतांचा फरक निघाला. तीनदा मोजल्यावर कारण सापडले: दोन मतपत्रिका सांडलेल्या कॉफीने एकमेकींना चिकटल्या होत्या. कॉफी मतदारांच्या घरची होती, आमची नव्हे, हे सिद्ध करण्यात अर्धा तास गेला.

आम्ही मोजत असतानाच किंग काउंटीची, म्हणजे सिअ‍ॅटलची, बातमी आली. तिथल्या काउंटी कौन्सिलचे अध्यक्ष लॅरी फिलिप्स यांना नाकारलेल्या मतदारांच्या यादीत स्वतःचेच नाव दिसले होते. शोध घेतला तेव्हा कळले, की शेकडो मतदारांची सही संगणकात चढवलेलीच नव्हती आणि कर्मचाऱ्यांनी कागदी कार्डे न पाहता ती मते बाजूला टाकली होती. असे लिफाफे ७३५ निघाले.

ती बातमी ऐकून मी लाल पेन खाली ठेवले आणि मागच्या खोलीत गेले. कपाटातले कार्ड सापडायला दहा मिनिटेही लागली नाहीत. त्यावर एक जुनी सही होती आणि तिच्या खाली, बहुधा आजारपणानंतर, पुन्हा घेतलेली दुसरी: कापरी, तुटक, खाली घसरत गेलेली. दुसरी सही संगणकात कोणीच चढवली नव्हती.

मी ते कार्ड घेऊन पर्यवेक्षकाकडे गेले. माणूस सज्जन, पण कागदाला भिणारा. त्याने ते पाहिले, सही जुळते हे कबूल केले आणि म्हणाला, की बोर्डाने निर्णय दिलेला आहे, आता आपल्या हातात काही नाही. मी किंग काउंटीचे उदाहरण दिले, तर ते प्रकरण न्यायालयात आहे असे उत्तर मिळाले. बोर्डापुढे त्याने ते कार्ड नेले नाही, आणि मीही त्याला डावलून गेले नाही.

न्यायालयात जे झाले ते मी नंतर पुन्हा पुन्हा वाचले. १४ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की फेरमोजणी म्हणजे आधी मोजलेल्या मतांची पुन्हा बेरीज. नाकारलेले लिफाफे राज्यभर पुन्हा तपासायचे नाहीत. २२ डिसेंबरला त्याच न्यायालयाने, पुन्हा एकमताने, किंग काउंटीच्या बोर्डाला स्वतःची चूक दुरुस्त करण्याची मुभा दिली. दोन्ही निकाल मला पटतात. पण पहिल्या निकालाने माझा लिफाफा बंद राहिला आणि दुसऱ्याने त्यांचे उघडले, आणि चूक तर तीच होती: कपाटापर्यंत न जाण्याची. त्यांची चूक एका मोठ्या माणसाच्या नावामुळे उजेडात आली. आमची उजेडात आणणारी मी होते, आणि मी एका 'नाही'वर परत फिरले.

३० डिसेंबरला राज्याच्या निवडणुकांचे प्रमुख अधिकारी, सेक्रेटरी ऑफ स्टेट सॅम रीड यांनी निकाल प्रमाणित केला: ग्रेग्वार १३,७३,३६१, रॉसी १३,७३,२३२. फरक १२९. रीड स्वतः रिपब्लिकन, आणि त्यांच्याच पक्षाने त्यांना बरेच ऐकवले. पुढे खटला चालला. शेलान काउंटीचे न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांनी ६ जून २००५ रोजी रॉसी यांचा दावा फेटाळला. १,६७८ बेकायदा मते पडली होती हे त्यांनी मान्य केले, पण ती कोणाला पडली हे अंदाजाने ठरवायला नकार दिला. मतदानाचा हक्क नसलेल्या ज्या गुन्हेगारांनी आपण रॉसी यांना मत दिले असे सांगितले होते, त्यांची चार मते वजा होऊन फरक १३३ झाला.

त्या गृहस्थांचे मत कोणाला होते ते मला माहीत नाही आणि एका मताने काही बदलले नसते हेही मला कळते. निवडणुकीची कागदपत्रे किमान २२ महिने जपावी लागतात. तेवढा काळ त्यांचा लिफाफा पेटीत राहिला असेल.

जानेवारीत साचलेले टपाल लावताना त्यांचा अर्ज माझ्या हाती आला. नोव्हेंबरच्या अखेरचा टपालशिक्का, नवी सही केलेली आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरांत आभार मानलेले. त्या अर्जावर मी 'उशिरा' असा शिक्का मारला. मत मोजले गेले नाही हे मतदाराला कळवणाऱ्या पत्राचा नमुना आमच्या कार्यालयात नव्हता.