तुम्ही विचारलंत म्हणून: क्लायंटचा फोन आला की मी काय करते

"ताई, तुम्ही क्लायंटशी फोनवर बोलता कसं, मला तर नुसती रिंग वाजली तरी छातीत धस्स होतं, सगळं मेलवरच करता येणार नाही का?" हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की आता विचारणारीचं तोंड उघडायच्या आधी मला कळतं. कुणी इस्लामपूरची, कुणी विट्याची, एक तर आमच्याच सांगलीच्या विश्रामबागेतली, सगळ्या घरून लिहिण्याचं काम करणाऱ्या नाहीतर सुरू करू बघणाऱ्या. मुलंही विचारतात, पण जरा आडून. प्रत्येकीला मी तुकड्यातुकड्यात उत्तर दिलंय, व्हॉइस नोटवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मंडईत मेथीची जुडी हातात धरून. आज एकदाचं बसून लिहिते.

आधी सरळ उत्तर. नाही, मेलवर सगळं होत नाही, निदान सांगलीत बसून सांगलीतल्या माणसांची कामं करायची असतील तर नाहीच. पुण्या-मुंबईच्या एजन्सीचं वेगळं असतं, ते ब्रीफ, म्हणजे काय लिहून हवंय त्याची लेखी माहिती पाठवतात, शीट पाठवतात, फोन करायचाच झाला तर आधी वेळ ठरवून करतात. पण माझी निम्म्याहून जास्त कामं मार्केट यार्डातले हळदवाले, तासगावकडचे बेदाणावाले, कुपवाड एमआयडीसीतले छोटे कारखानदार, दोन-तीन क्लासवाले यांची आहेत आणि या लोकांना मेल म्हणजे बँकेची आणि सीएची कागदं येतात ती जागा. काम सांगायचं तर ते फोन उचलतात आणि बोलायला लागतात, तुम्ही त्या वेळी कुकरपाशी उभ्या आहात का पोराला शाळेतून आणताय हे त्यांना कुठून माहीत असणार.

पहिली दोन वर्षं मला याचा फार राग यायचा. मी इंटरनेटवर वाचून वाचून ठरवलं होतं की प्रोफेशनल म्हणजे लेखी ब्रीफ मागणारी, म्हणून प्रत्येकाला सांगायचे, "जरा लिहून पाठवता का काय काय हवंय ते." पाठवतो म्हणायचे आणि पाठवायचे नाहीत, काम तिथंच राहायचं. शेवटी एका वयस्कर हळद व्यापाऱ्यांना मी तिसऱ्यांदा लिहून पाठवा म्हटलं तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणाले, "अहो ताई, मला लिहिता आलं असतं तर तुम्हाला कशाला सांगितलं असतं?"

त्या वाक्यावर मी रात्रभर विचार केला. खरंच की. ज्याला लिहिता येत नाही किंवा लिहायला वेळ नाही तोच मला पैसे देतो, आणि मी त्याच्याकडूनच लिखाण मागतेय, म्हणजे गवंड्याने घरमालकाला सांगावं की आधी तुम्ही थोडी भिंत बांधून दाखवा. तेव्हापासून माझं एक ठरलं, लिहिणं माझं काम आहे तर फोनवर काय बोलणं झालं ते लिहिणंही माझंच काम. त्यांनी बोलायचं, मी लिहायचं. फोनची भीती गेली ती यामुळे, धीट झाले म्हणून नाही.

आणि फोनवर जे मिळतं ते कुठल्याच लेखी ब्रीफमध्ये मिळत नाही हे मला त्याच काकांनी शिकवलं. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर त्यांना दुकानाची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका करायची होती. त्यांच्या नातवाने मला चार ओळी पाठवल्या होत्या, उत्तम प्रतीची हळद, ग्राहकांचा विश्वास, वाजवी दर, म्हणजे कुणाच्याही दुकानावर चालेल असला मजकूर. मग मी काकांना फोन लावला आणि एवढंच विचारलं की तुमच्या लहानपणी हळद ठेवायचे कुठं. पाऊण तास. मी मध्ये फक्त हं, बरं, मग, एवढंच. ते हरिपूरच्या पेवांवर बोलले, जमिनीखाली खोल खणलेली, तोंड अरुंद आणि आत पोट मोठं, तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही, आणि पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा, तो विझला तर आत हवा नाही, थांबायचं. आपण येताजाता म्हणतो ना, अमक्याचं पेव फुटलंय, त्या शब्दामागचं खरं पेव मला तेव्हा डोळ्यांपुढं दिसलं. मग २००५ च्या पुरात पाणी शिरून बहुतेक पेवं कशी गेली ते सांगताना त्यांचा आवाज बदलला, मीही काही बोलले नाही. ती पुस्तिका कंदिलापासूनच सुरू झाली. नातवाच्या चार ओळींतून हे कधीच निघालं नसतं, आणि काकांना समोर बसवून लिहा म्हटलं असतं तर त्यांनीही वाजवी दर एवढंच लिहिलं असतं, कारण पेन हातात आलं की माणसं स्वतःसारखी बोलत नाहीत.

म्हणून मुलींनो, फोन टाळू नका. पण फोनवर विसंबूनही राहू नका, आणि हा दुसरा भाग मी पैसे घालवून शिकलेय.

एका मसालेवाल्यांचं काम होतं, नाव गाव सांगत नाही. फोनवर म्हणाले, प्रॉडक्टची वर्णनं लिहायची आहेत, मी किती विचारलं, मला ऐकू आलं सत्तर. मागं कुठलंतरी मशीन चालू होतं. त्यांनी नंतर यादी पाठवली त्यात अडुसष्ट ओळी होत्या, मला वाटलं बरोबर, सत्तरच्या आसपास. मी तीन आठवडे बसून अडुसष्ट वर्णनं लिहिली. बिल पाठवलं आणि त्यांचा फोन आला, मॅडम मी सतरा म्हटलं होतं. यादीत सतराच मसाले होते, प्रत्येकाची चार पाकिटं, पन्नास ग्रॅम, शंभर ग्रॅम असं करत, म्हणून अडुसष्ट. त्यांच्या बाजूने तेही खोटं बोलत नव्हते आणि माझ्या बाजूने मीही नाही, पण कागदावर कुठंच काही नव्हतं. पैसे सतराचे मिळाले. तोंडी करारही १८७२ च्या करार कायद्यात बसतो हे मला एका वकील मैत्रिणीने सांगितलं, पण नेमकं काय बोलणं झालं हे सिद्ध करायचं कुणी, आणि पन्नासेक वर्णनांसाठी कोर्टाची पायरी कोण चढतंय.

सतरा-सत्तर, साठ-आठ-सात, एकोणतीस-एकोणचाळीस, आपले आकडे फोनवर फार फसवे आहेत, त्यात हिंदी बोलणारा क्लायंट असेल तर अजून घोळ. यावरचा उपाय मला घरातच सापडला. सांगलीत पावसाळ्यात प्रत्येक घरात एकच चौकशी असते, आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी, पाणी किती. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्नच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत आमचे सासरे गावभागातल्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना प्रत्येक आकडा दोनदा सांगायचे, "त्रेपन्न, पाच तीन." समोरच्याकडूनही तसंच म्हणवून घ्यायचे. तिथं एका फुटाची चूक म्हणजे सामान वरच्या मजल्यावर चढवायचं की घर सोडायचं एवढा फरक होता. मी तेच उचललं. सतरा म्हणजे एकावर सात ना? सत्तर म्हणजे सातावर शून्य? आजवर कुणालाही त्याचा राग आलेला नाही, उलट व्यापारी माणसाला आकडा पक्का करणारा माणूस आवडतो, तो स्वतः दिवसभर तेच करत असतो.

आणि मग मेसेज. फोन ठेवल्यावर लगेच, पाच-दहा मिनिटांत, संध्याकाळी निवांत बसून नाही, कारण तोवर मी माझ्या मनातलं त्यात मिसळायला लागते. मराठीत, साध्या भाषेत, व्हॉट्सॲपवर. साधारण असा असतो: "नमस्कार काका, आत्ता फोनवर बोललो त्याप्रमाणे: १७ मसाल्यांची वर्णनं, प्रत्येकी साधारण ८० शब्द, मराठीत. पाकिटाच्या साइजप्रमाणे वेगळी वर्णनं नाहीत. पहिली ५ शुक्रवारी देते, ती बघून तुम्ही सांगा. दोनदा दुरुस्ती करून देईन, त्यापुढे वेगळे पैसे. यात काही राहिलं किंवा चुकलं असेल तर कळवा, बरोबर असेल तर ओके पाठवा." बस. ओके आल्याशिवाय मी फाइल उघडत नाही. निळ्या टिका आल्या म्हणजे वाचलं असं धरू नका, ते दुकानातल्या पोराने उघडलेलं असतं.

आता पैशाचं, कारण खरी धडधड तिथंच असते ना. पहिल्या फोनवर रेट सांगू नका. अजिबात नका. "अंदाजे तरी सांगा की हो" असं गोड बोलून विचारतात आणि आपल्या तोंडून जो अंदाज निघतो तोच त्यांच्या डोक्यात दगडावर कोरल्यासारखा बसतो, नंतर काम दुप्पट निघालं तरी तोच. मी म्हणते, "मला हिशेब करू दे, सहाच्या आत मेसेज करते," आणि सहाच्या आत करते, ते चुकवायचं नाही. फोनवर आकडा सांगायची वेळ आलीच तर सांगून झाल्यावर गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड. समोरचा तीन-चार सेकंद काही बोलत नाही, आणि आपण लगेच घाबरून "म्हणजे थोडं कमी होईल हं" म्हणून मोकळ्या होतो, आणि तो बिचारा बायकोने आणलेला चहा घेत असतो.

वेळेचंही सांगते. मी कामासाठी वेगळं सिम ठेवलंय, ते रात्री आठला बंद. सकाळी अकरा ते एक आणि चार ते सहा मी फोन उचलते, बाकी वेळी लिहीत असते, कारण एक फोन झाला की लिहिण्यात परत शिरायला मला अर्धा तास लागतो. सुरुवातीला वाटलं लोक चिडतील. पण यार्डात सौदे चालू असताना तुम्ही व्यापाऱ्याला फोन करून बघा तो उचलतोय का, त्याला कामाची वेळ म्हणजे काय हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. रात्री साडेदहाला "जरा बोलायचं होतं" म्हणून फोन करणारा मात्र एक होता, काम चांगलं होतं, पैसेही वेळेवर द्यायचा, पण तीनदा सांगूनही थांबला नाही तेव्हा मी ते काम सोडलं. हे मी मुलींना मुद्दाम सांगते, तिथं समजुतीने घ्यायची गरज नाही, आणि घरात नवऱ्याला फोन द्यायचीही गरज नाही, आपण स्वतः नाही म्हणायचं.

कॉल रेकॉर्ड करावा का असंही विचारतात. मी करत नाही. मे २०२२ पासून गुगलने प्ले स्टोअरवरच्या बाहेरच्या ॲप्सचा तो रस्ता बंद केलाय, आणि बऱ्याच फोनमध्ये आतलं रेकॉर्डिंग लावलं की समोरच्याला तशी घोषणा ऐकू जाते, ती ऐकली की काकांसारखा माणूस पेवाबद्दल बोलणारच नाही. विचारल्याशिवाय गुपचूप करणं तर मला पटतच नाही. दोनशे पानी वही, तारीख, नाव, आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे. ते "चोख माल" म्हणाले तर मी चोखच लिहिते, शुद्ध नाही.

राहिलं थकलेलं बिल. त्यासाठी मात्र फोनच करायचा, मेसेजला उत्तर येत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट होते ती करून ठेवा, बिलावर खाली नंबर टाका, कारण छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला लागतात. मी हे फोनवर कधी काढत नाही. मी फक्त विचारते, "दादा, कोणत्या तारखेला धरू?" आणि तारीख आली की तीही मेसेजवर लिहून पाठवते.

परवा त्याच हळदवाल्या काकांचा फोन होता, आता नव्या पॅकिंगवरचा मजकूर हवाय. बोलणं झालं, मी नेहमीसारखा मेसेज पाठवला. ओके आलं नाही. तासाभराने पुन्हा फोन, नातवाकडून वाचून घेतला होता. म्हणाले, "ताई, तिसऱ्या ओळीत तुम्ही चौदा लिहिलंय, मी चाळीस म्हटलं होतं. चारावर शून्य." मी मेसेज दुरुस्त करून परत पाठवला, मग ओके आलं.