म्युनिकला जाताना डबा न्या

न्यू जर्सीतून युरोपला निघणारी आपली मंडळी बहुधा पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम अशी धावती सहल करतात. आम्ही उन्हाळ्यात आईला घेऊन फक्त जर्मनीतल्या म्युनिकला गेलो. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेतलं आणि तिथेच मुक्काम ठोकला. राजवाडे, संग्रहालयं पाहिली, छानच आहेत. पण अमेरिकेत मुरलेल्या माणसाला खरी मजा येते ती तिथल्या रोजच्या व्यवहारात.

दुकानात फळीवर जी किंमत लिहिलेली, तीच बिलात. सेल्स टॅक्स मनातल्या मनात मिळवत बसायची आपली सवय लगेच सुटते. बाटल्यांचं मात्र नीट समजून घ्या. पाण्याच्या किंवा कोकच्या प्लॅस्टिक बाटलीमागे साधारण 25 सेंट अनामत घेतात, बिअरच्या काचेच्या बाटलीमागे 8. न्यूयॉर्कमध्ये 5 सेंट आहेत आणि आमच्या न्यू जर्सीत काहीच नाही, त्यामुळे ही रक्कम डोळ्यात भरते. सुपरमार्केटच्या कोपऱ्यात भिंतीत गोल तोंडाचं यंत्र असतं. बाटली आडवी आत सरकवली की ती स्वतःभोवती फिरते, यंत्र बारकोड वाचतं, बाटली आत ओढून घेतं आणि पडद्यावरचा आकडा वाढतो. आमच्या लेकीला या कामाचा इतका नाद लागला की घरातला प्रत्येक जण पाणी संपवायच्या मागे! शेवटी बटण दाबून चिठ्ठी घ्या, ती काउंटरवर दिली की तेवढे पैसे बिलातून वजा होतात. बाटली चुरगाळू नका, यंत्र परत करतं.

आमच्याकडे बर्गन काउंटीत रविवारी मॉल बंद असतात. म्युनिकमध्ये त्या दिवशी वाणसामानही मिळत नाही. 1919 च्या वायमार राज्यघटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम आजच्या जर्मन राज्यघटनेतही कायम आहे. एरवीही बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, दुकानं रात्री 8 ला बंद. तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवा. अडलंच तर सकाळी बेकरी, नाहीतर मोठ्या स्टेशनातली दुकानं. मला हा नेम मनापासून आवडला. सगळं शहर इसार नदीच्या काठी पोरांबाळांसकट पसरलेलं असतं आणि कुणालाच कसली घाई नसते.

आता बिअर गार्डन, म्हणजे झाडांच्या सावलीत बाकांवर बसून बिअर प्यायची जागा. मद्य न घेणाऱ्यांनीही इथे जायलाच हवं, कारण घरचा डबा उघड्यावर बसून खायची इथे रीतसर परवानगी आहे. 1812 साली बव्हेरियाच्या राजाने दारूभट्टीवाल्यांना आपल्या साठवणीच्या तळघरांपाशी बिअर विकू दिली, पण ब्रेडखेरीज खाणं विकायला मनाई केली. लोक घरून शिदोरी आणू लागले. तळघरं गार राहावीत म्हणून वर चेस्टनटची झाडं लावलेली होती, त्यांचीच सावली आज डोक्यावर असते. 1999 च्या सरकारी नियमानेही हा शिदोरीचा हक्क मान्य केला आहे. हिर्शगार्टन नावाच्या बिअर गार्डनमध्ये तर सुमारे 8000 माणसं बसतात.

खूण एवढीच लक्षात ठेवा: टेबलावर कापड घातलेलं असेल तर तिथे वेटर वाढतो, डबा उघडायचा नाही. उघड्या लाकडी बाकांवर खुशाल बसा. पेय मात्र तिथलंच घ्यायचं. सफरचंदाचा रस आणि सोडा, म्हणजे आपफेलशोर्ले, मागा. अनोळखी लोकांच्या टेबलावर विचारून बसायची पद्धत आहे. आमच्या शेजारी एक आजी-आजोबा पांढरा मुळा घेऊन बसले होते. आजोबांनी तो अख्खा न तोडता स्क्रूसारखा गोल कापला, मीठ चोळलं आणि पाणी सुटेपर्यंत तसाच ठेवला. आईने मुळा लगेच ओळखला. तिने मेथीचे पराठे आणि लसणाची चटणी पुढे केली, त्यांनी मुळा दिला. भाषा एका अक्षराची जुळत नव्हती, तरी तासभर दोघी हातवारे करत बोलत होत्या. पूर्ण सहलीत आई सर्वांत खूश मला तिथे दिसली.

प्रवासाचं थोडक्यात. मेट्रोला फाटकं नाहीत, पण कागदी तिकिटावर शिक्का लागत असेल तर फलाटावर जाण्याआधी यंत्रात मारून घ्या. तपासनीस आले आणि शिक्का नसला तर 60 युरो दंड. जास्त दिवस राहणार असाल तर डॉइचलँड तिकीट घ्या. 2026 पासून ते महिन्याला 63 युरो आहे, देशभरच्या लोकल गाड्या आणि बसना चालतं, आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना चालत नाही. ते आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून त्या महिन्याच्या 10 तारखेआधी रद्द करा. चार-पाच जणांनी एक दिवस बाहेर जायचं तर बव्हेरियाभर चालणारं बायर्न तिकीट स्वस्त पडतं. त्यावर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत जाता येतं, फक्त सोम ते शुक्र सकाळी 9 नंतर निघा.

अमेरिकेतला इन्स्टंट पॉट नेऊ नका, तिथे 230 व्होल्टची वीज आहे. फोनचे चार्जर चालतात, पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. आणि आई-वडिलांचा पासपोर्ट भारतीय असेल तर ग्रीन कार्ड असूनही त्यांना शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, व्हिसा लागतो. अर्ज 6 महिने आधी करता येतो, तेव्हा विमानाची तिकिटं काढण्याआधी ते काम हाती घ्या.