मेगच्या शीटमध्ये वाफेचा रकाना भरला, आता लीस्मर

मेग एनर्जी या कॅनडातल्या तेलकंपनीची माझी आकड्यांची शीट अखेर पूर्ण झाली. 2013 मध्ये त्यांच्या क्रिस्टिना लेक प्रकल्पाचा 2बी टप्पा सुरू झाला तिथपासून ते नोव्हेंबर 2025 मध्ये सेनोव्हस या दुसऱ्या तेलकंपनीनं अख्खी कंपनी घेतली तिथपर्यंत, महिनावार. उत्पादनाचा रकाना आधीपासून होता. या खेपेला वाफेचा भरला, आणि जुन्या कितीतरी वावड्यांचा त्यात निकाल लागला.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात: उत्तर अल्बर्टातल्या वाळूत अडकलेलं बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखं तेल, इतकं घट्ट असतं की तापवल्याशिवाय हलत नाही. म्हणून जमिनीखाली एकमेकींच्या वर साधारण पाच मीटर अंतर ठेवून दोन आडव्या विहिरी खणतात. वरच्या विहिरीतून वाफ सोडतात, पातळ झालेलं तेल खालच्या विहिरीत झिरपतं. म्हणजे वाफ आधी, तेल मागाहून. एक पिंप तेलाला किती पिंपं पाण्याची वाफ लागली, ते गुणोत्तर म्हणजे एसओआर. मेगचं सव्वादोन-अडीचच्या आसपास राहायचं, आणि या धंद्यात ते उत्तम मानतात. चारच्या पुढे गेलेला प्रकल्प बॉयलरमध्ये गॅस जाळतच बसतो.

हे सगळं अल्बर्टा एनर्जी रेग्युलेटरच्या एसटी-53 अहवालात दर महिन्याला फुकट मिळतं, प्रत्येक प्रकल्पाचं वेगळं. तिमाही निकालाची वाट बघत अंदाज बांधण्यापेक्षा मला हेच बरं वाटतं. आकडे घनमीटरमध्ये असतात, पिंपं काढायला त्यांना 6.29 नं गुणायचं. समजा महिन्याला 5,00,000 घनमीटर तेल निघालं, तर 31 दिवसांच्या महिन्यात रोजची सुमारे 1,01,450 पिंपं होतात. दिवसांनी भागल्याशिवाय दोन महिने शेजारी मांडू नका. फेब्रुवारीचा आकडा एरवीही जवळपास दहा टक्के खाली दिसतो, आणि दरवर्षी कुणीतरी त्यावरून 'विहिरी आटल्या' म्हणून बोंब मारतं.

खरी मजा घसरण वाचण्यात आहे. उत्पादन पडलं आणि वाफही त्याच मापानं पडली, तर बहुतेक वेळा संयंत्र देखभालीसाठी बंद ठेवलेलं असतं. त्यात काळजीचं काही नाही. सुरू झाल्यावर गुणोत्तर थोडं चढं दिसतं, कारण थंडावलेली वाळू पुन्हा तापवावी लागते. वाफ तेवढीच आणि तेल मात्र महिनोन् महिने उतरतंय, असं दिसलं तर मी कान टवकारतो. तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त गोंधळ घालतो: वाफ वाढली, तेल जागच्या जागी. नव्या जोडविहिरी सुरू करताना काही महिने दोन्हींत नुसती वाफ फिरवतात, तेल नंतर येतं. त्या काळात गुणोत्तर बिघडलेलं दिसतं आणि लोक शेअर विकून मोकळे होतात. अशा वेळी अहवालातली चालू विहिरींची संख्या बघावी. ती पुढच्या काही महिन्यांत वाढली की उलगडा होतो.

पैशांच्या बाजूला आता भावातल्या तफावतीचा रकाना जोडलाय. रोजची पिंपं गुणिले डब्ल्यूटीआयचा (अमेरिकेतल्या प्रमाण कच्च्या तेलाचा) भाव, हा हिशेब इथे चालत नाही. बिट्युमेन पाइपलाइनमधून वाहावं म्हणून त्यात जवळजवळ तीस टक्के कंडेन्सेट, म्हणजे पातळ हलकं तेल, मिसळतात, थंडीत त्याहून जास्त, आणि ते महाग असतं. शिवाय वेस्टर्न कॅनेडियन सिलेक्टला, म्हणजे कॅनडातल्या जड तेलाच्या प्रमाण मिश्रणाला, डब्ल्यूटीआयपेक्षा कमी भाव मिळतो. 2018 च्या शरद ऋतूत ही तफावत पिंपामागे 40 डॉलरवर गेली होती. तेव्हा हस्की या तेलकंपनीनं मेग विकत घेण्यासाठी शेअरमागे 11 कॅनेडियन डॉलरची बोली लावलेली, आणि चर्चा सगळी मेगच्या कर्जाची. पुढे अल्बर्टा सरकारनं जानेवारी 2019 पासून उत्पादनावर मर्यादा घातली, त्याच महिन्यात हस्कीनं माघार घेतली आणि शेअर आपटला. मर्यादेच्या काळातली घट मी शीटमध्ये वेगळ्या रंगात ठेवली आहे. ती विहिरींच्या खात्यावर टाकणं अन्यायाचं होईल.

कर्जाबद्दलही एक सांगतो. मेगचं कर्ज अमेरिकन डॉलरमध्ये होतं, ताळेबंद कॅनेडियनमध्ये. 2014 ते 2016 च्या सुरुवातीपर्यंत कॅनेडियन डॉलर घसरत गेला, तसा कर्जाचा आकडा नवी उधारी न करताही फुगला. मालाचा भावही अमेरिकन डॉलरमध्येच ठरतो, त्यामुळे तो कागदावरचा तोटा जेवढा भयानक दिसला तेवढा नव्हता. व्याजाचं ओझं मात्र खरंच होतं.

1 मे 2024 ला अल्बर्टातून पॅसिफिक किनाऱ्याला जाणारी विस्तारित ट्रान्स माउंटन पाइपलाइन सुरू झाली आणि तफावतीचा रकाना शांत झाला. मेगचं तेल ज्या ॲक्सेस वेस्टर्न ब्लेंड या जड मिश्रणात जातं, ते त्याच वर्षी रिलायन्सनं जामनगरसाठी घेतलं, हे वाचून मला मनापासून आनंद झाला होता.

आता अथाबास्का ऑइलची शीट उघडली आहे. लीस्मर प्रकल्प त्यांनी 2017 मध्ये स्टॅटऑइलकडून घेतला. 2027 अखेर तिथून रोज 40,000 पिंपं काढायचा कंपनीचा इरादा आहे. 2024 अखेर त्यांच्याकडे कर्जापेक्षा रोकड जास्त होती, म्हणून मेगसारखी व्याजाची धास्ती इथे नाही. प्रश्न वाफेची क्षमता वेळेवर वाढते का, एवढाच. त्यांचा दुसरा प्रकल्प, हांगिंगस्टोन, एप्रिल 2020 मध्ये बंद करून त्याच वर्षी पुन्हा चालू केला होता. थंडावलेला साठा तापून पूर्ववत व्हायला किती महिने लागले, ते आधी काढतोय. कुणी अल्बर्टातल्याच जॅकफिश प्रकल्पाची शीट ठेवत असेल तर तुमचे वाफेचे आकडे इथे टाका, ताडून बघू.