तेलाची वाटी वजनकाट्यावर

७८ वरून ७१ किलोपर्यंत वजन तसं सुखासुखी उतरलं. संध्याकाळचा स्टेशनबाहेरचा वडापाव बंद केला, रात्रीचा भात अर्धा केला, डोंबिवली स्टेशन ते घर रिक्षा सोडून पायी यायला लागले. एवढ्यावर सात किलो गेले. मग काटा ७१ वर जो बसला तो हलेचना. सगळा पावसाळा तिथेच गेला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. आमच्या लेडीज डब्यात दीक्षित आणि दिवेकर असे दोन पक्ष आधीपासून आहेतच. एक म्हणतो दिवसातून दोनदाच जेव, दुसरा म्हणतो थोड्या थोड्या वेळाने खात राहा. जिऱ्याचं पाणी, मेथीचं पाणी, दालचिनीचं पाणीही झालं. डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी करून घेतली, ती नॉर्मल आली. मग त्यांनी विचारलं, खाता किती? मी मोबाइलमधलं अ‍ॅप उघडून दाखवलं, रोजचे सरासरी १३०० कॅलरी. ते म्हणाले, "हे मोजलेलं आहे की निवडलेलं?"

प्रश्न बरोबर होता. अ‍ॅपमध्ये 'चपाती, मध्यम, १ नग' असं दिसतं, आपण त्यावर बोट ठेवतो. ती चपाती कुणाच्या घरची, केवढी, तेलाची की कोरडी, हे कुणालाच ठाऊक नसतं.

त्यांनी वहीच्या कागदावर हिशोब मांडून दिला. मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं १९९० चं सूत्र आहे : वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वयाची पाचपट, आणि बायकांसाठी आणखी १६१ वजा. माझी उंची १५८, वय ४२. उत्तर आलं १३२५ च्या आसपास. हा नुसतं पडून राहण्याचा खर्च. हलक्या हालचालीसाठी त्याला १.३७५ ने गुणलं की सव्वाअठराशे होतात. ७८ किलो असताना हाच आकडा १९२० होता, म्हणजे वजन उतरल्यावर गरजही शंभरेक कॅलरींनी उतरली. वजन हळू उतरण्याचं हे कारण झालं, पण ठप्प होण्याचं नाही. खरोखर १३०० खात असते तर आठवड्याला जवळपास अर्धा किलो जायला हवा होता.

त्यांनी न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासाचंही सांगितलं, १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. १२०० पेक्षा कमी कॅलरी खाऊनही वजन उतरत नाही म्हणणारी माणसं त्यात होती. त्यांना जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी पाजून, ते शरीरातून किती वेगाने बाहेर पडतं यावरून त्यांचा खरा खर्च काढला. चयापचय व्यवस्थित निघाला. सांगितलेलं खाणं मात्र प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी होतं. यात लबाडी असतेच असं नाही. घरच्या जेवणाचा अंदाज डोळ्याने लागत नाही, एवढंच.

मग स्वयंपाकघरात ठेवायचा डिजिटल काटा आणला, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा. भांडं ठेवून बटण दाबलं की शून्य होतो, ही त्याची सगळ्यात मोठी सोय. काटा आला, पण आमच्याकडे सकाळचा स्वयंपाक सासूबाई करतात. मला ७:४० ची लोकल असते. म्हणजे मोजायचं होतं ते त्यांच्या हातचं.

"अहो आई, कणीक भिजवायच्या आधी जरा पीठ मोजते."

"पीठ काय मोजायचं त्यात? माझी मूठ ठरलेली आहे."

मूठ खरंच ठरलेली होती. सलग काही दिवस मोजलं, पीठ ४०० ग्रॅमच्या मागेपुढे, पोळ्या बारा. वजनकाट्यालाही लाजवेल असा हात. पण माझा डोळा तेलाच्या वाटीवर होता. आमच्याकडे घडीची पोळी होते. लाटीला तेल लावून घडी, वर पिठाची चिमूट, पुन्हा घडी, मग लाटणं. शेकताना कडेने आणखी थोडं. वाटी आधी काट्यावर ठेवली, पोळ्या झाल्यावर पुन्हा ठेवली. ४० ग्रॅम कमी भरली. तेलाचे ग्रॅमला ९ कॅलरी. म्हणजे एका पोळीत पिठाचे ११३ आणि तेलाचे ३०. डब्यात भरताना त्यावर अर्धा चमचा तूप, त्याचे वीस. अ‍ॅपमधली चपाती होती ८० ची, आमची पोळी निघाली १६० ची. दिवसाला चार पोळ्या. पुढचा गुणाकार मी लोकलमध्ये उभ्या उभ्या केला.

भाकरीकडे वळावं तर तिथेही गंमत. 'भाकरी हलकी' हे आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्याकडची ज्वारीची भाकरी ६० ग्रॅम पिठाची, म्हणजे दोनशेच्या वर. एका पोळीहून जास्तच. फरक एवढाच की तिच्यात तेल नसतं आणि एका भाकरीत माझं पोट भरतं, जे एका पोळीत कधीच भरत नाही. भाकरीवर लोण्याचा गोळा आला की हा फायदाही गेला.

खरी अडचण भाजी-आमटीची. सगळ्यांचं एका कढईत शिजतं, माझी वाटी वेगळी शिजत नाही. इंटरनेटवर 'मटकी उसळ, एक वाटी' शोधलं की जागोजागी वेगळे आकडे. म्हणून ताट मोजायचं सोडलं आणि कढई मोजायला लागले. घरातल्या रोजच्या भांड्यांची रिकामी वजनं एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवली. मग उसळीत जे पडतं ते पडायच्या आधी मोजायचं. कोरडी मटकी १५० ग्रॅम, तिचे पाचशेच्या आसपास. तेल ३० ग्रॅम, २७०. ओलं खोबरं ३० ग्रॅम, शंभरेक. कांदा आणि गुळाचा खडा मिळून ऐंशी-नव्वद. सगळे मिळून साडेनऊशेच्या वर. शिजल्यावर कढईसकट वजन करायचं, कढईचं वजा करायचं. उसळ भरली ८०० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमला १२०. माझ्या वाटीत १६० ग्रॅम, झाले १९०-१९५. एकदा मांडलं की तीच उसळ पुढच्या वेळी पुन्हा मांडावी लागत नाही, तेलाचा हात तेवढाच असला की झालं. आणि हो, वाढण्याआधी तळापासून डाव फिरवायचा. तर्री वर तरंगते. पहिली वाटी घेणाऱ्याच्या वाट्याला तेल जास्त येतं, आणि आमच्याकडे रात्री पहिलं ताट माझंच असतं.

जिन्नसांच्या कॅलरींसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे भारतीय अन्नघटक तक्ते वापरले. ५२८ पदार्थ आहेत, बहुतेक कच्चे, त्यामुळे कढईच्या हिशोबाला सोयीचे. ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, ४.१८४ ने भागलं की कॅलरी येतात. पाकिटातल्या वस्तूंवर १०० ग्रॅमचा आकडा छापलेला असतोच. कच्चं आणि शिजलेलं यांची गल्लत मात्र होऊ द्यायची नाही. तांदूळ १०० ग्रॅमला साडेतीनशे, भात १०० ग्रॅमला १३०. भाताचं वजन करून तांदळाचा आकडा लावला तर माणूस घाबरून जेवण सोडेल, आणि उलट केलं तर निवांत तिप्पट खाईल.

शेंगदाण्याच्या कुटाबद्दल मला वेगळं बोलायचं आहे, कारण तो कुणी खाणं म्हणून धरतच नाही. काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भेंडीत कूट, पालेभाजीला दाटपणा यायला कूट. शंभर ग्रॅमला साडेपाचशे कॅलरी. पोह्याच्या चमच्याने शिगोशीग घेतला तर दहा ग्रॅम, पंचावन्न. वाईट काहीच नाही त्यात, पण 'मी तर नुसती कोशिंबीर खाल्ली' हे वाक्य त्याने बाद होतं.

संकष्टीला साबुदाण्याची खिचडी मोजली. साबुदाणा कोरडा ६० ग्रॅम, कूट २५, तूप १२, थोडा बटाटा. बेरीज पाचशेला टेकली. माझ्या नेहमीच्या डब्याइतकी, वर दोन तासांत पुन्हा भूक. एकादशी आणि दुप्पट खाशी हे कुणी उगाच म्हटलेलं नाही. सासूबाईंना आकडा सांगितला तर म्हणाल्या, "उपास देवासाठी असतो, तुझ्या काट्यासाठी नाही." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

उरला लोकलचा डबा. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या मुलीचा निकाल, श्रावणात सवाष्ण म्हणून पुडा. अर्धी खांडवी, एक पेढा, मूठभर चिवडा. इथे काटा काढणं शक्य नाही, आणि काढला असता तर मैत्रिणींनी मला कल्याणला उतरवलं असतं. म्हणून त्या खाण्याला सरळ शंभर कॅलरी धरल्या, कमी खाल्लं तरी शंभर. ऑफिसचा चहा मात्र एकदा घरी करून मोजला : फुल क्रीम दूध ८० मिलि, साखर दीड-दोन चमचे, जवळपास शंभर. असे तीन.

हे सगळं धरून काही आठवडे वही लिहिली, खाण्यात मुद्दाम काहीही बदल न करता. हा भाग लोक गाळतात. मोजायला लागलं की लगेच कमी खावंसं वाटतं, आणि मग नेहमीचं खाणं किती ते कधी कळतच नाही. सरासरी निघाली १८०० च्या जरा वर. वजन ७१ च होतं. सूत्राने सांगितलेला सव्वाअठराशेचा आकडा आणि माझ्या वहीतला आकडा असे शेजारी शेजारी आले, तेव्हा शरीर बिघडल्याची शंका संपली. वजन हलत नाही तेव्हा खाल्लेलं आणि खर्च झालेलं सारखं असतं. हा आकडा दुसऱ्या कुणाच्या तक्त्यापेक्षा आपल्या वहीतून काढलेला बरा.

त्यातून साडेतीनशे काढायचे होते. चार पोळ्यांच्या तीन केल्या, तिथे १६० गेले. घडीतलं तेल निम्मं करायला आई तयार झाल्या, पण माझ्या पोळ्यांपुरतंच. "मुलांच्या पोळ्या कडक होतील" या मुद्द्यावर त्या ठाम होत्या. भाजीची फोडणी पळीने घालायचं सोडून मोजणीच्या चमच्याने घालायला लागलो. चहातली साखर निम्मी केली. कोशिंबिरीतला कूट तसाच ठेवला. काही गोष्टी मोजून झाल्यावरही ठेवायच्या असतात. उपाशी राहावं लागलं नाही, रात्री मुगाचं वरण वाटीभर वाढवून घेतलं.

वजन करण्यातही शिस्त लागते. सकाळी उठून, पोट साफ झाल्यावर, काही न खाता-पिता. रोजचा आकडा लिहायचा, पण बघायची आठवड्याची सरासरी. आदल्या रात्री हॉटेलची मिसळ किंवा पापड-लोणचं झालं की दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर जातो. ते मिठाने धरलेलं पाणी. पाळीच्या आधीच्या दिवसांतही तेच. एक किलो चरबी वाढायला ७७०० कॅलरी गरजेपेक्षा जास्त खाव्या लागतात. एका मिसळीत तेवढं सामर्थ्य नाही. साडेतीनशेच्या तुटीने आठवड्याला तीनशे ग्रॅम जायला हवे होते, आणि सरासरी साधारण तेवढीच उतरत गेली.

एक गोष्ट घरात पहिल्यापासून पाळली. मुलगी चौदाची आहे. तिच्यासमोर जेवताना एकही आकडा बोलायचा नाही, वही माझ्या पर्समध्ये. त्या वयात ताटाकडे बघून बेरीज करायची सवय लागणं मला माझ्या चार किलोंपेक्षा महाग वाटतं. ज्यांना खाण्याची धास्ती आधीच आहे त्यांनीही हा उद्योग करू नये, किंवा डॉक्टरांशी बोलून करावा.

आता रोज सगळं मोजत नाही. पालेभाजी, काकडी, टोमॅटो, ताक यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मोजते ते तेल, तूप, कूट, खोबरं, पीठ आणि तांदूळ; घरच्या जेवणातल्या कॅलरी बहुतेक इथेच असतात. ज्यांना काटाही नको त्यांच्यासाठी किराण्याची यादी पुरते. आमच्या चौघांना महिन्याला चार लीटर तेल लागायचं. लीटरचं वजन साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे माणशी रोज ३० ग्रॅम, २७० कॅलरी, आणि तूप वेगळं. आता तीन लीटर पुरतं. दिवाळीच्या महिन्यात पाच आणावं लागलं, चकल्या आणि करंज्या तळायला, आणि ते मी वहीत लिहिलं नाही. सध्या वजन ६७ आहे.