अ‍ॅक्रोपोरा ओळखायचा तो शेंड्यावरून

अ‍ॅक्रोपोरा हा दगडी प्रवाळांचा एक गट; अंगठीतलं लाल पोवळं वेगळं. ते प्रवाळभित्ती बांधत नाही. भित्ती बांधणाऱ्या दगडी प्रवाळांत सर्वांत जास्त जाती अ‍ॅक्रोपोराच्या, शंभराहून अधिक. कुठे सांबरशिंगासारख्या फांद्या, कुठे मेजासारखा पसरलेला थर. नुसत्या आकारावर जाल तर फसाल.

फांदीचा शेंडा जवळून बघा. अगदी टोकाला एक ठसठशीत नळी आणि खाली सभोवार तिच्याहून बारीक नळ्या. टोकाचा पॉलिप, म्हणजे नळीत राहणारा इवला प्रवाळजीव, लांबत जातो, बाजूचे त्याच्यापासून फुटतात. सांगाडा सच्छिद्र आणि हलका, म्हणून वाढ भराभर. कॅरिबियनमधल्या सांबरशिंगी जातीची फांदी वर्षाला 10 सेंटीमीटर सहज वाढते. पोराइटिस हे घुमटाकार प्रवाळ जेमतेम 1.

शेंडा पांढरा दिसला की लोक घाबरतात. वाढत्या टोकात प्रवाळाला रंग देणारं सहजीवी शैवाल कमी असतं, एवढंच. पांढरा पट्टा बुंध्याकडून वर सरकत असेल तर मात्र रोगाची शंका घ्या. कॅरिबियनमधली अ‍ॅक्रोपोराची वनं 1970-80च्या दशकांत अशाच पांढऱ्या पट्ट्याच्या रोगाने उजाड झाली, ही फार मोठी हानी. हिंदी-प्रशांत महासागरात फांद्यांच्या बेचक्यांत प्रवाळ खाणाऱ्या ड्रुपेला गोगलगायीही शोधा. अख्खी वसाहतच पांढरी पडली, तर बहुधा पाणी तापलंय.

मोडलेली फांदी पुन्हा रुजते. पण तुकडा पक्क्या खडकावर, हलणार नाही असा बसवा. सुट्या चुऱ्यावर ठेवलेला तुकडा लाटांनी घरंगळतो, त्याची कातडी खरवडते आणि त्या जखमेवर शैवाल चढतं.