ई-इन्व्हॉइसची जोडणी: बिल अडकलं नेमकं कुठे?

आमची कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे, हिशोब मी बघते. उलाढाल 5 कोटींच्या वर, त्यामुळे 1 ऑगस्ट 2023 पासून जीएसटी नोंदणी असलेल्या गिऱ्हाइकांच्या बिलांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर बिल नोंदवणं, सक्तीचं झालं. बिल अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये तयार होतं, तिथून जीएसपीच्या (सॉफ्टवेअर आणि पोर्टल जोडणारी मधली अधिकृत कंपनी) सर्व्हरवरून सरकारी पोर्टलवर जातं आणि आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) व क्यूआर कोड घेऊन परत येतं. नोंदणी, मालाच्या वर्गवारीचे एचएसएन कोड वगैरे सगळं बिनबोभाट झालं होतं.

मग एका सकाळी प्रत्येक बिलावर एकच उत्तर यायला लागलं: लॉगिन अमान्य. कास्टिंग भरलेला ट्रक गेटवर उभा, आणि क्यूआर कोडशिवाय गिऱ्हाइकाचं स्टोअर माल आत घेत नाही. सॉफ्टवेअरवाले म्हणाले, "पोर्टल डाऊन असेल." पोर्टलच्या हेल्पडेस्कने जीएसपीला विचारायला सांगितलं. जीएसपीकडे फोन केला तर, "तुम्ही आमचे थेट ग्राहक नाही, सॉफ्टवेअरवाल्यांशी बोला." सॉफ्टवेअरवाले आणि हेल्पडेस्क, दोन्हीकडे तक्रारीची तिकिटं टाकली. दोन्ही 'काम चालू आहे'वरच थांबली. मधली जोडणी कुणाची, हे एकालाही सांगता येईना.

शेवटी एक बिल मी पोर्टलवर स्वतः भरलं. आयआरएन लगेच आला. म्हणजे पोर्टल ठीक. ट्रक सोडला आणि सॉफ्टवेअरवाल्यांना सरळ विचारलं, "आज तुमचा डेटा कोणत्या जीएसपीमार्फत जातो?" तेव्हा कळलं, त्यांनी जीएसपी बदलला होता! आमचा एपीआय युजर (सॉफ्टवेअरला पोर्टलवर शिरायचं लॉगिन) जुन्याच्या नावावर. आम्हाला साधा मेलसुद्धा नाही. पोर्टलवर एपीआय रजिस्ट्रेशनमध्ये जाऊन नवा जीएसपी निवडला, नवा युजर-पासवर्ड केला, तो सॉफ्टवेअरमध्ये टाकला. चहा गार व्हायच्या आत बिलं जायला लागली.

म्हणून नुसता स्क्रीनशॉट पाठवत बसू नका, एरर कोड आणि पोर्टलचं मूळ उत्तर मागून घ्या. जीएसपीचं नाव आधीच लिहून ठेवा. हो, आयआरएन रद्द करायचा तर 24 तासांतच करता येतो, त्यावर ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, आणि तो बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. नवा एपीआय युजर करताना ओटीपी जीएसटी नोंदणीतल्या मोबाइलवर जातो. आमच्याकडे तो मालकांचा, आणि मालक त्या दिवशी सांगलीला लग्नात होते. बँडच्या आवाजात त्यांनी ओटीपी ओरडून सांगितला.